दगडी वाड्याला भेग: गवंडी, इंजिनिअर की संवर्धन वास्तुविशारद?

लातूर, धाराशिव, बीडकडच्या जुन्या घराची भिंत फाटली की आधी ओळखीचा गवंडी येतो, मग कॉन्ट्रॅक्टर. दोघंही फुकट बघून जातात. पण कॉन्ट्रॅक्टरचा फुकट सल्ला बहुतेकदा एकाच ठिकाणी पोचतो: "पाडा आणि स्लॅब टाका." ज्याला काम मिळणार आहे त्याच्याकडून निदान घेऊ नये, एवढं पाळलं तरी निम्मा घोळ टळतो. मग उरतात तिघं: गवंडी, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि संवर्धन वास्तुविशारद.

दगड-मातीत हात घातलेला जुना गवंडी हातोडीने ठोकून भिंत कुठे पोकळ आहे ते सांगतो. आतलं-बाहेरचं तोंड बांधणारे आरपार दगड आहेत की नाहीत, हेही त्याच्या नजरेला कळतं. हे ज्ञान भल्याभल्या इंजिनिअरकडे नसतं. मात्र वजनाचं गणित त्याच्याकडे नाही. शिवाय भेगेत सिमेंटच्या दरजा भरण्याची सवय घातक ठरते. बाहेरून सिमेंट बसलं की भिंतीतली ओल आतच कोंडते, मातीचा गारा सुटतो आणि पुढे भिंतीला पोट येऊ शकतं.

पोट आलेली भिंत मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच काम. आपल्याकडच्या दोन-अडीच फुटी भिंती म्हणजे दोन स्वतंत्र तोंडं आणि मध्ये माती-चिपांची भर. माळवदातून (मातीच्या सपाट छपरातून) पाणी झिरपलं की भर खाली बसते आणि बाहेरचं तोंड सुटतं. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींनी आणि त्यांवरच्या माळवदांनी माणसं गाडली. वजनाचा अंदाज घ्या: दर उन्हाळ्यात नवी माती टाकत माळवद दोन फुटांवर गेलं असेल, तर 10 बाय 12 फुटांच्या एका खोलीवर कोरडं असतानाच साधारण 11 टन बसलेले असतात. म्हणून चांगला इंजिनिअर आधी माती कमी करायला सांगतो, मग भिंत शिवायला. शिवायचं म्हणजे साधारण 75 मिमीचं आरपार भोक, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली 8 मिमीची सळई आणि काँक्रीट. आयएस 13828 या भारतीय मानकाप्रमाणे आरपार दगड दर 60 सेंमी उंचीला आणि आडवे 1.2 मीटरच्या आत हवेत. दुरुस्तीसाठी आयएस 13935 आहे. ही दोन नावं ऐकून जो गोंधळतो, त्याचा अनुभव आरसीसी इमारतींचा आहे असं समजा. दगड-मातीच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर चालवून अहवाल देणाऱ्याला तर पैसेच देऊ नका. ते यंत्र काँक्रीटसाठी आहे.

इंजिनिअरकडून मागायचं ते असं: ओळंब्याने घेतलेली मापं, पायापाशी निदान एक खड्डा, प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोचून पाहिल्याची नोंद (वाळवी आणि कूज तिथेच लागते), आणि दुरुस्तीचा नकाशा सहीनिशी. नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल, तर गवंड्याचं तोंडी मत तिथे चालत नाही.

संवर्धन वास्तुविशारद कोरीव खांब, चुन्याचं काम, चौकाची मांडणी वाचवायची असेल तर बोलवा. चुना कुठे आणि सिमेंट कुठे नको, हे तो नेमकं सांगतो. असे लोक थोडे. वारसा वास्तू जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या छत्रपती संभाजीनगर शाखेकडे विचारता येईल. भिंतीच्या ताकदीसाठी त्यालाही इंजिनिअर लागतोच, तेव्हा दोन फी धरून चला. साधं चार खणी घर असेल तर हा खर्च अंगावर घेऊ नये.

काळ्या मातीवरच्या घराची तिरपी भेग ही वेगळी गोष्ट. उन्हाळ्यात रुंदावते, पावसाळ्यात मिटते. भेगेवर पीओपीने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि निदान एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी शाबूत राहिली, तर चुन्याने भेग भरायला गवंडी पुरे. तुटली, तर मातीची तपासणी करणारा इंजिनिअर हवा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, संभाजीनगर किंवा नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंहजी संस्थेच्या स्थापत्य विभागात चौकशी करा. वेळ लागेल, पण त्यांना तुमच्या स्लॅबमध्ये रस नसतो. तोवर न्हाणीचं आणि पन्हाळीचं पाणी भिंतीपासून दूर काढा.

फी एकरकमी ठरवा, कामाच्या टक्केवारीवर नको. टक्केवारीत काम फुगवणाऱ्याचाच फायदा. पाहणीच्या दिवशी गवंड्याला इंजिनिअरसोबत उभं करा. आणि पोट वाढताना दिसत असेल, तर अहवालाची वाट न बघता त्या खोलीत झोपणं बंद करा, माळवदावर ताडपत्री टाका आणि तुळयांना आतून लाकडी टेकू द्या.