४९९ चा हेअरकट आणि ४१,९८८ चं कर्ज

आधीच सांगते, "काकू, तुम्ही तर बँकेत होता ना, तरी?" हा प्रश्न मला विचारू नका. मुलाने विचारून झालाय, नणंदेने विचारून झालाय, चौकीतल्या हवालदाराने तर हसून विचारला. हो, ३३ वर्षं बँकेत काढली. काउंटरवर बसून शेकडो लोकांना "ओटीपी कुणाला सांगायचा नाही" म्हणून दटावलं. आणि स्वतःचे तीन ओटीपी सलूनच्या खुर्चीत बसून देऊन आले. सांगितलेही नाहीत, सरळ फोनच हातात दिला.

वय ६४. केस दाट, म्हणजे साधी क्लिप दोन महिन्यांत तुटते इतके दाट. जन्मभर त्यांचं कौतुक ऐकलं, पण गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला आणि तेच केस जिवावर आले. सकाळी नहायलं की संध्याकाळपर्यंत मुळाशी ओले. हात मागे जाईना. ह्यांना वेणी घालायला शिकवली, तीही त्यांनी बिचाऱ्यांनी महिनाभर घातली, पण ती दुपारच्या आत सुटायची. शेवटी म्हटलं, कापूनच टाकू, मानेच्या वर.

आणि बरोब्बर तेव्हाच फोनवर जाहिरात. "पन्नाशीनंतरचे शॉर्ट हेअरकट, दाट केसांसाठी खास, फक्त ४९९." चंदेरी केसांच्या हसऱ्या बायकांचे फोटो. आता नीट बघते तर त्यातल्या एकीचेही केस दाट नाहीत. सगळ्या परदेशी, मऊ पातळ केसांच्या. तसे केस आखूड कापले की टाळूला चिकटून बसतात. आपले दाट, त्यात पांढरा केस राठ, ते उभे राहतात. फोटो बघून हेअरकट ठरवणार असाल तर फोटोतल्या बाईचे केस आधी बघा, कट नंतर.

सलूनचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. डोंबिवलीत स्टेशनपासून दहा मिनिटांवर, वर एसी, खाली केकचं दुकान. १४ नोव्हेंबरला गेले. दारातच एक मुलगी "या आई" म्हणाली. मला दोन मुलगे, मुलगी नाही. "आई" म्हटलं की मी विरघळते. आता हेही चारचौघांत सांगतेय, काय करणार.

खुर्चीत बसवल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल तर माझा चष्मा काढून घेतला. "काड्यांना क्रीम लागेल आई," म्हणत आरशाखालच्या ट्रेमध्ये ठेवला. चष्म्याशिवाय मला आरशात पांढरा ढग दिसतो आणि फोनवर मुंग्या. मग कात्रीवाला मुलगा आला. त्याने वेणी घातली, वर एक रबर, खाली एक रबर, आणि वरच्या रबराच्या जरा वर कात्री चालवली. इतके दाट केस एका झटक्यात कापले जात नाहीत, करकर करकर आवाज येत राहतो. वेणी हातभर होती. "कॅन्सर पेशंटच्या विगसाठी दान करतो आई," मुलगी म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे मी तीनदा विचारलं की कुठल्या संस्थेला दिली, पावती दाखवा. उत्तर नाही. लांब, न रंगवलेला, एका दिशेत बांधलेला केस विकला जातो हे मला काय माहीत नव्हतं? तिरुपतीच्या केसांचे लिलाव होतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण रडणाऱ्या बाईला हिशोब सुचत नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. दान करायचंच असेल तर वेणी मागून घ्या, घरी आणा आणि स्वतः पाठवा.

आता मुख्य गोष्ट. उजवी बाजू कानापर्यंत कापून झाली, डावी अजून खांद्यावर लोंबतेय, आणि त्या मुलाने कात्री पट्ट्यात अडकवली. म्हणाला, "आई, ४९९ नॉर्मल डेन्सिटीला आहे. तुमची हेवी आहे. त्यात असंच कापून सोडलं तर त्रिकोण होईल. स्मूदनिंग करावं लागेल."

त्रिकोणाचं खोटं नव्हतं, हीच तर मेख. दाट केस एकाच लांबीत कापले की वर चपटे आणि खाली तंबू. पण त्यावर उपाय कातरीचा असतो: आतून थर द्यायचे, मानेवरचा भार काढायचा. क्रीम फासून इस्त्री करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याला नक्की माहीत होतं.

तिथे मी उठायला हवं होतं. रोज रात्री मी त्या खुर्चीतून उठते. पण तेव्हा आरशातल्या ढगात अर्धी बोडकी, अर्धी केसाळ अशी कोणी बाई बसलेली दिसली आणि मनात आलं, रिक्षास्टँडवर अशी जाऊ? खाली केकच्या दुकानात आमच्या सोसायटीतल्या दोघी हमखास असतात. लिफ्टमध्ये कोण भेटेल? अंगावर पंजाबी ड्रेस होता, दीड हात रुंद ओढणी होती. डोक्यावरून घेऊन निघता आलं असतं. हे मला घरी रात्री दोन वाजता सुचलं. अर्धी हजामत करून सोडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

मग हिशोब सुरू. हेअरकट ४९९, दाटपणा आणि लांबीचा जादा आकार १,५००, स्मूदनिंग ६,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,५२९ रुपये ८२ पैसे. शिवाय शाम्पू-सीरमचा डबा ३,२००. एकूण १३,२२९. मी "नको" म्हणाले, खरंच म्हणाले. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मेंबर व्हा ना. आज फक्त ३,२२९ द्यायचे, बाकीचे दहा हजार मेंबरशिपमध्ये ॲडजस्ट. फक्त रजिस्ट्रेशन करायचंय." दहा हजार वाचल्याचा मला आनंद झाला हो! बँकेतल्या बाईला!

ज्येष्ठ नागरिक सवलतीसाठी आधार मागितलं. बिलासाठी पॅन. कॅशबॅकसाठी खाते क्रमांक आणि डेबिट कार्ड. खाते क्रमांक मला पाठ आहे, तो मी न अडखळता, थोडा अभिमानानेच सांगितला. मग "अर्धा-अर्धा फोटो" काढला, म्हणजे एका बाजूला आधीची मी, दुसऱ्या बाजूला नंतरची. त्यानंतर मेसेज येऊ लागले. पहिला आला तेव्हा मी हात पुढे केला, "चष्मा दे गं." ती म्हणाली, "राहू द्या आई, मीच वाचते."

हे वाक्य लक्षात ठेवा. दुसरं काही नाही ठेवलंत तरी चालेल. तीन मेसेज आले आणि तिन्ही तिने मनातल्या मनात वाचले.

क्रीम लावल्यावर डोळ्यांत मिरच्या घातल्यासारखं झालं. गरम पट्टीचा धूर नाकात. केस सरळ करायच्या काही क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड नावाचं झोंबणारं रसायन असतं, काहींत ते उष्णतेने तयार होतं, हे नंतर आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि वर रागावल्या. डोळे झोंबले की सरळ उठायचं, केस ओले असले तरी. घरी आले तेव्हा केस छान बसले होते. ह्यांनी "तरुण दिसतेस" म्हटलं. तीन आठवड्यांत सगळं परत उभं राहिलं आणि कानाजवळचे केस कंगव्यात तुटून येऊ लागले.

५ डिसेंबरला खात्यातून ३,४९९ गेले. मेसेजमध्ये कंपनीचं नाव, जे मी कधी ऐकलेलं नाही. बारा हप्ते, ४१,९८८ रुपये. मी एक वर्षाची "हेअर केअर मेंबरशिप" कर्जावर घेतली होती. कर्जाच्या कागदावर माझा पत्ता, माझा पॅन, आणि ईमेल सलूनचा. कर्ज देणाऱ्याने व्याज, शुल्क, सगळं लिहिलेलं पत्रक ग्राहकाला द्यायचं असतं, कर्ज नको असेल तर परत फिरायला किमान एक दिवस द्यायचा असतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पत्रक दिलं म्हणे. सलूनला!

सलूनमध्ये गेले तर "मॅडम सुट्टीवर". दुसऱ्यांदा "मॅडम ट्रेनिंगला". "आई" म्हणणारी मुलगी समोर उभी राहून मला "मॅम" म्हणाली.

मग यंत्रणा. चौकीत दीड तास बाकावर. हवालदार म्हणाला, "ओटीपी कुणी दिला? तुम्हीच ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, लेखी द्या की दिवाणी आहे म्हणून. तर म्हणाला, "काकू, घरी जा, ऊन होईल." डिसेंबरात! सायबरवाल्यांकडे गेले तर तिथला साहेब म्हणतो, "तुम्ही प्रत्यक्ष तिथे बसला होता, यात सायबर कुठे?" म्हणजे चौकीला हे सायबर वाटतं, सायबरला चौकीचं वाटतं, आणि मी त्या दोघांमधल्या रिक्षाभाड्याचे ८० रुपये भरते. जिथे माझं पेन्शन जमा होतं त्या बँकेत मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करायचा अर्ज दिला. काउंटरवरची मुलगी म्हणे, आधी कर्ज कंपनीचं पत्र आणा. ग्राहकाला स्वतःच्या बँकेत मॅन्डेट रद्द करता येतो हे मी तिला समजावलं, पूर्वी मी नव्या पोरींना समजवायचे तसं. तिने साहेबांना विचारलं, साहेबांनी दुसऱ्या साहेबांना. तोवर ५ जानेवारी उजाडली आणि आणखी ३,४९९ गेले. फेब्रुवारीत एकदाचा रद्द झाला, पण हप्ता परत गेल्याचे कंपनीचे ५९० आणि बँकेचे २९५ कापलेच. कंपनीच्या हेल्पलाइनवर यंत्र बोलतं. "तुमचा प्रश्न सुटला का? हो असेल तर एक दाबा." नाहीसाठी आकडाच नाही. माणूस फोन करतो तो फक्त वसुलीचा, तोही जेवायच्या वेळेला, आणि "आजी, या वयात डिफॉल्ट बरं दिसत नाही" म्हणतो. ६ तारखेपासून मी ते सगळे फोन रेकॉर्ड करतेय.

एक गोष्ट मात्र मी पकडली, तेवढंच बँकेचं रक्त. सलूनच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. माझ्या ८,४९९ वर ४२४ रुपये ९५ पैसे लागायला हवे होते, लावले १,५२९.८२. आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नाही, वर छापलंय "अंदाजपत्रक". क्रमांक नसलेल्याने जीएसटी घ्यायचाच नसतो. बिलावरचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो, दोन मिनिटं लागतात. चष्मा लावून बघा.

ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी: कंपनीला आधी लेखी तक्रार करा, तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा, ते आदेश देत नाहीत पण नोंदीचा क्रमांक पुढे कामाला येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो तिथेच दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा, तुमच्या नावावर असली मेंबरशिप आधीच नाही ना ते दिसेल. आणि सलूनमध्ये आधार दाखवायचं काही कारण नसतं. सवलत वयाची हवी असेल तर पांढरे केस दिसतातच की.

केसांचं शेवटी गल्लीतल्या पार्लरवाल्या ताईंनी निस्तरलं. ३५० रुपये. आधी त्यांनी केस कोरडे असताना नुसते हाताने वर उचलून पाहिले, भोवरा शोधला, कुठे फुगतात ते बघितलं. ओल्यात कापलेला दाट केस वाळला की बोटभर वर चढतो, म्हणून कोरड्यात कापते म्हणाल्या. मानेवरचे अगदी बारीक केले, त्यावर वरचा थर येऊ दिला. सलूनवाल्याने विरळ करायची दातेरी कात्री मुळापाशीच चालवली होती, त्यामुळे आतले तोकडे खुंट वरच्या केसांना टेकू देऊन उभे करत होते. "हे वाढेपर्यंत चार महिने कळ काढा," म्हणाल्या. पूर्ण वेळ चष्मा माझ्या हातात होता, मधूनमधून लावून बघत होते. त्यांनी एकदाही हटकलं नाही.

आयोगात तक्रार दाखल केली आहे. कर्ज कंपनीकडे लेखी मागणी करून माझ्या "संमतीचा" पुरावा मागवला होता, तो गेल्या आठवड्यात आला. आधार, पॅन, आणि ग्राहकाची सेल्फी. सेल्फीत मी आहे. गळ्याला सलूनचं काळं कापड, चष्मा नाही, उजवीकडचे केस कानापर्यंत, डावीकडचे खांद्यावर, आणि ती "आई, हसा" म्हणाली होती म्हणून हसतेय. त्याच्या तीन प्रती काढून जोडल्या.