रिअर प्रोजेक्शन टीव्हीचा दिवा बदलला: आठ महिने वापरून झाल्यावर

ज्यांच्या घरात अजून डीएलपीचा रिअर प्रोजेक्शन टीव्ही चालू आहे, त्यांच्यासाठीच हे लिहितोय. यात आतल्या दिव्याचा उजेड फिरत्या रंगीत चकतीतून बारीक आरशांच्या चिपवर पडतो आणि तिथून मागच्या बाजूने पडद्यावर चित्र उमटतं, एवढं कळलं तरी पुरे. आमचा पन्नास इंची सेट आबांनी २००६ साली घेतला. पुढच्याच वर्षाअखेरीस सोनीने रिअर प्रोजेक्शन टीव्हीतून अंग काढून घेतलं, मित्सुबिशी शेवटपर्यंत टिकली आणि डिसेंबर २०१२ मध्ये तीही थांबली. म्हणजे आता जो टिकवेल त्याचा टिकेल. मला टिकवायचाय. दुपारी समोरच्या खिडकीतून ऊन आलं तरी याचा पडदा चमकत नाही आणि आबांना चष्मा न सावरता कुस्ती बघता येते. पन्नास इंची नवीन घ्यायला तीसेक हजार घालण्यापेक्षा दिवा बदलणं मला कधीही परवडतं.

गेल्या मार्चमध्ये चित्र मळकट, पिवळट दिसायला लागलं. दिवा किती तास जळला त्याचा आकडा साडेआठ हजारांवर गेला होता, पुस्तिकेत सहा हजार लिहिलेत. मी दुर्लक्ष केलं. एका रात्री आतून फट्‌ आवाज आला आणि पडदा काळा. हा दिवा म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा, चालू असताना आत दोनशे वातावरणांहून जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो, त्यावरून अंदाज करा. फुटला तर आधी खिडक्या उघडायच्या, पोरांना बाहेर काढायचं आणि अर्धा-पाऊण तास त्या खोलीत जायचं नाही.

दुरुस्तीवाला घरी आला. साडेचारशे रुपये व्हिजिटचे घेतले, दिव्याचं झाकण उचकटलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "पॅनेल गेलंय काका, नवीन घ्या." मला फार राग आला. या टीव्हीत एलसीडीसारखं पॅनेल असतच नाही! खाली लाल बत्ती लुकलुकत होती, लॅम्पची खूण तिच्याखालीच छापलेली आहे, ती वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.

दिवा मी स्वतःच बदलायचं ठरवलं. पिंजऱ्यासकट, म्हणजे बल्ब ज्या चौकटीत बसतो तिच्यासकट घेतला तर सात हजार चारशे, नुसता बल्ब बत्तीसशे. मी नुसता मागवला. प्लग काढून तासभर थंड होऊ दिलं, जुन्या काचेचे तुकडे ब्रशने गोळा केले, पिंजऱ्याचे स्क्रू सोडवून नवा बल्ब बसवला. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल राहिलं की गरम झाल्यावर तिथेच काच दगा देते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसून कोरडं करा.

बटण दाबलं आणि काहीच नाही. पंखासुद्धा नाही. विकणाऱ्याला फोन लावून मी बरंच बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दाबल्यावर आतून टिक टिक येतंय का?" येत नव्हतं. "मग दिव्यापर्यंत करंटच जात नाही, झाकण बघा."

त्या झाकणाबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचंय. झाकणाच्या आतल्या कडेला प्लॅस्टिकची एक जीभ असते, गव्हाच्या दोन दाण्यांएवढी. झाकण लागलं की ती आतलं बारीक बटण दाबते, तेव्हाच दिव्याकडे वीज जाते. आमची जीभ बुडापासून तुटलेली होती. तुटलेला तुकडा टीव्हीखालच्या सतरंजीवर सापडला. उचकटताना तुटली, दुसरं कारण नाही. म्हणून कोणी घरी आलं तर झाकण आपल्या हाताने काढून द्या. स्क्रू पूर्ण सोडवायचा आणि सरळ बाहेर ओढायचं, खालून पट्टी घालायची नाही.

फेविक्विकने चिकटवली ती चार दिवस टिकली, उष्णतेने सुटली. शेजारच्यांनी सांगितलं, त्या बटणाच्या दोन वायरी जोडून टाका. तसं अजिबात करू नका. दिवा पेटवायला काही हजार व्होल्टचा झटका बसतो आणि आतला उजेड डोळ्यांना घातक आहे, ते बटण त्यासाठीच आहे. शेवटी झाकण घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथे डायचं, म्हणजे साचे बनवायचं काम करणारे एक मामा आहेत. त्यांनी तुटलेला तुकडा व्हर्निअरने मोजला, बेकेलाइटच्या पट्टीतून तशीच जीभ कापली, दोन ठिकाणी कानशीने उतार दिला आणि बारीक स्क्रूने झाकणाला बसवली. पैसे विचारले तर म्हणाले, "एवढ्याचं काय घ्यायचं भावा, च्या घे." त्या दिवसापासून झाकणाची तक्रार नाही.

टीव्ही लागला, चित्र असं लख्ख की आबांनी आवाज बंद करून नुसतं बघितलं. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नुसताच बल्ब घ्या, असं ठासून लिहिलं असतं. आज तसं म्हणत नाही. जुलैत उजव्या कोपऱ्यात काळपट झाक आली, मग चित्र थरथरायला लागलं. साडेतीन महिन्यांत बत्तीसशे पाण्यात.

पण सगळा दोष बल्बवर टाकणं बरोबर नाही, हे मला नंतर उमगलं. टीव्ही बंद केल्यावर पंखा दीड-दोन मिनिटं चालू राहतो, दिवा निवावा म्हणून. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे रोज संध्याकाळी वळीव आणि वळवाबरोबर लाइट जाणार. दिवा तापलेला असताना पंखा जागच्या जागी थांबायचा. लाइट आली की आम्ही लगेच बटण दाबायचो. गरम दिव्यात दाब एवढा असतो की तो पेटत नाही, नुसते झटके खात राहतो. असं वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल.

जुलैच्या शेवटी पिंजऱ्यासकट सात हजार चारशेचा घेतला आणि त्याच दिवशी कॉम्प्युटरला लावतात तसला, लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारा सहाशे व्हीएचा युपीएस जोडला. लाइट गेली की युपीएस शिट्टी मारतो, आम्ही रिमोटने टीव्ही बंद करतो, पंखा आपली दोन मिनिटं पूर्ण करतो. आबांना ती शिट्टी आधी खटकायची, आता तेच पहिले रिमोट उचलतात. दिवा बदलल्यावर मेनूत जाऊन तासांचा आकडा शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर नव्या दिव्यावरही बदलण्याची सूचना येत राहील.

काल आकडा १,०६४ होता. चारही कोपरे सारखे उजळ आहेत, थरथर नाही. दर महिन्याला मागची जाळी मी पेंटच्या ब्रशने झाडतो. पडद्यावर पांढरे ठिपके यायला लागले किंवा आतून करकर ऐकू आली, तर दिवा मागवू नका, ते आरशाच्या चिपचं किंवा चकतीचं दुखणं आहे. आणि बटण दाबल्यावर आतून काहीच आवाज येत नसेल, तर बाकी कशालाही हात लावायच्या आधी झाकण उलटं करून ती जीभ बघा.