यामाहा एचएस ५: घरच्या खोलीतला स्पष्टवक्ता मॉनिटर

दहा बाय बाराच्या खोलीत डीजेइंग आणि संगीतनिर्मिती अशी दोन्ही कामे करणाऱ्यास यामाहाचा एचएस ५ हा स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे ध्वनी जसा आहे तसा ऐकवणारा स्पीकर, मला योग्य वाटतो. मात्र तो गाणे गोड करून ऐकवत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. खालचे स्वर वाजवणाऱ्या ५ इंची वूफरला ४५ वॅट आणि वरचे स्वर वाजवणाऱ्या १ इंची ट्वीटरला २५ वॅट असे स्वतंत्र अॅम्प्लिफायर त्यात आहेत, आणि गायकाचा आवाज किंवा स्नेअर ड्रम यांच्या पातळीतील चुका त्यावर लगेच उघड्या पडतात. खालच्या स्वरांत त्याची मर्यादा ५४ हर्ट्झची असून तीही १० डेसिबलची घट धरून दिलेली आहे, म्हणजे तिथे आवाज आधीच बराच क्षीण झालेला असतो. त्यामुळे हाउस किंवा टेक्नो या नृत्यसंगीतातला सब-बास, म्हणजे सर्वांत खालचे स्वर, केवळ यावर ठरवू नये, चांगल्या हेडफोनवरही तपासावा. बासचा पोर्ट (हवा बाहेर सोडणारे भोक) मागे असल्याने स्पीकर भिंतीला चिकटवला तर खालचे स्वर फुगतात. जागेअभावी तसे करणे भागच असेल, तर खालचे स्वर कमी करणारा मागील रूम कंट्रोलचा खटका उणे २ किंवा उणे ४ डेसिबलवर ठेवावा. आरसीए इनपुट (घरगुती ध्वनियंत्रांची नेहमीची जोडणी) नसल्यामुळे साध्या डीजे कंट्रोलरसाठी वेगळी केबल घ्यावी लागते. आवाजाचे बटणही मागेच का, हे मला अजून पटलेले नाही. दिवाणखान्यात मित्रांना नाचवायचेच असेल, तर ८ इंची वूफरचा एचएस ८ पाहावा, अर्थात शेजाऱ्यांची संमती घेऊन.