काळे प्लग दाखवून माझे 1,66,000 रुपये घेतले : जुनी गाडी असणाऱ्यांनो, सावध राहा

आधी आकडे लिहितो, कारण ही रक्कम सांगायची लाज वाटली म्हणूनच मी चार महिने गप्प बसलो. तपासणी 4,500. दोन्ही कार्ब्युरेटरचं ओव्हरहॉल आणि इंपोर्टेड किट 61,800. डेलकोत (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) इलेक्ट्रॉनिक इग्निशन 14,200. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हचं काम 83,000. पीयूसी 2,500. एकूण 1,66,000 रुपये. आणि दोष काय निघाला, तर एक फाटलेला रबरी पडदा. तो कुरिअरसकट 1,850 रुपयांत आला.

गाडी बाबांची. 1967 ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1798 सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे). बाबा गेल्यावर ती मी कोथरूडच्या आमच्या पार्किंगमध्ये जपली. यंदा पुनर्नोंदणीची मुदत जवळ आली आणि नेमकी तेव्हाच गाडी मिसिंग मारायला लागली. सिग्नलला उभी राहिली की सगळी बॉडी थरथरायची, पण रेस दिली की अडीच हजार आरपीएमच्या वर एकदम सुतासारखी सरळ. पीयूसीला नेली तर नापास. चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.8 टक्के, एचसी (न जळालेलं इंधन) 2,140 पीपीएम. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ 3 टक्के आणि एचसी 1,500.

हे दोन आकडे नीट बघा. मी बघितले नाहीत.

एका ओळखीच्या माणसाने एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेजवाला बोलायला गोड, सारखं 'साहेब, साहेब'. मोठा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकलं, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 तोंडपाठ म्हणून दाखवली. मला चहा प्यायला बसवलं आणि दहा मिनिटांनी चार प्लग हातात घेऊन आला. काळेकुट्ट, काजळी धरलेले. म्हणाला, "साहेब, मिक्श्चर एकदम रिच आहे, पेट्रोल जास्त, हवा कमी. हे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय ना, त्यानं तुमचे कार्ब्युरेटर खाल्ले. कच्चं पेट्रोल उतरून रिंगा पण गेल्या."

त्या क्षणी पीयूसीची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. तीच मला आजही रात्री आठवते. मिक्श्चर रिच असतं तर सीओ वर गेला असता, पाच, सहा टक्के. माझा होता 0.8. सीओ कमी आणि एचसी जास्त याचा अर्थ इंधन जळायचं चुकतंय: एकतर ठिणगी नीट नाही, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा घुसून मिश्रण पातळ झालंय. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याने मिश्रण आणखी पातळ होतं, रिच नाही. म्हणजे एकाच वाक्यात तो दोन उलट गोष्टी बोलला आणि मी मान डोलावली. आणि प्लग! मी दिवाळीत स्वतःच्या हाताने एनजीकेचे घातले होते. त्याच्या हातातले दुसऱ्याच कंपनीचे होते. ते माझ्या गाडीतून निघालेच नव्हते. प्लग आपल्या डोळ्यांसमोर काढायला लावा, चहा नंतर प्या.

मला मूर्ख म्हणणारे म्हणोत. मी इंजिनिअर आहे, पण स्थापत्यचा. कार्ब्युरेटर बाबाच बघायचे. मुदतीला अठरा दिवस उरले होते. असल्या गाड्यांना हात लावणारी माणसं पुण्यात आता किती राहिलीत, ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना विचारा. आणि इथेनॉलने जुनं रबर खराब होतं हे खरंच आहे, म्हणून तर त्याचं बोलणं पटलं. अशी माणसं अर्धं खरं बोलतात.

पैसे 46,000 यूपीआयने दिले आणि 1,20,000 रोख. पक्कं बिल हवं तर वर 18 टक्के जीएसटी, असं तो म्हणाला आणि मी कच्च्या बिलावर सही केली. कुणीही करू नका.

गाडी परत आली ती लिटरला पाच किलोमीटर देणारी. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी तोंडं) खाली करून त्याने मिश्रण भरमसाट रिच केलं होतं, त्यामुळे थरथर थोडी दबली होती, एवढंच. आठवड्यात चांदणी चौकाजवळ पोलिसांनी अडवलं. यंत्रात नंबर टाकला, तर पीयूसीची नोंदच नाही. गॅरेजवाल्याने दिलेला कागद बोगस. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून दोन मिनिटांत बघता येतं, तेव्हा पैसे देण्याआधी बघा.

शेवटी नाना पेठेतल्या एका स्पेअरवाल्याने सत्तरी पार केलेल्या मेकॅनिक काकांना घरी पाठवलं. त्यांनी इंजिन सुरू ठेवून मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) आसपास कार्ब क्लीनरचा जपून फवारा मारला. पीसीव्ही व्हॉल्व्हपाशी (इंजिनातले वायू परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) रेस बदलली. व्हॉल्व्ह काढला, मॅनिफोल्डचं भोक बुचाने बंद केलं, जेट परत वर घेतले आणि इंजिन जागच्या जागी शांत झालं. बघायला दहा मिनिटं! आतला पडदा चिरलेला होता, तिथून इंजिन हवा ओढत होतं. मग काकांनी रॉकर कव्हर काढलं. "दादा, हे हेड कुणी उतरवलेलं नाही. नटांवर जुना मळ तसाच आहे." 83,000 रुपये. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरना 150 पीएसआयच्या वर भरलं, म्हणजे रिंगा ठणठणीत. रिंगा गेल्या म्हणणाऱ्याकडे आधी चारही आकडे मागा, तेही लेखी. जुने सुटे भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या. मी मागितले तेव्हा "भंगारात गेले" हे उत्तर मिळालं.

पोलिसांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." न केलेल्या कामाचे पैसे घेणं दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं 318 कलम कशासाठी छापलंय? तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला, वर एक हवालदार म्हणाला, "हौसेची गाडी ठेवायची म्हणजे खर्च येणारच ना." बाबांची गाडी आहे ती, हौस नाही. बोगस पीयूसीचा कागद घेऊन परिवहनवाल्यांकडे गेलो, तर म्हणे कागदावरच्या सेंटरला विचारा. असं सेंटरच नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "मग ते आमच्या अखत्यारीत येत नाही." नाहीच तर कुणाच्या अखत्यारीत येणार? चार खिडक्या, दोन रजा, आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: पक्कं बिल आहे का?

आता ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून लाजत बसू नका. काकांनी लेखी दिलंय, नटांचे फोटो जोडलेत.

गाडी पास झाली, सीओ 2.4, एचसी 410.

त्याचं गॅरेज चालूच आहे. गेल्या शनिवारी तिथून जाताना बाहेर एक जुनी हिरवी हेराल्ड गाडी उभी दिसली, बॉनेट उघडं. मालक येईल म्हणून मी अर्धा तास समोरच्या फुटपाथवर थांबलो. कुणी आलं नाही. वायपरखाली चिठ्ठी ठेवली: प्लग स्वतः काढून बघा. खाली माझा नंबर लिहिला. अजून फोन आलेला नाही.