‘शुद्ध शिसं’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या लगडी

गळाला आणि जाळ्याला लावायची वजनं जे घरी ओततात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भंगारातल्या शिशाच्या लगडी ‘एकदम शुद्ध, मऊ’ म्हणून विकणाऱ्याने मला फसवलं. त्याची रीत इतकी सोपी आहे की माझ्या आधी आणि माझ्यानंतरही कोणी ना कोणी तिला बळी पडलेलं असणार.

त्याने ढिगातली एक लगड उचलली आणि नखाने ओरखडा काढला. ओरखडा चकचकीत उमटला. मग लगडीचा कोपरा कागदावर ओढला, करडी रेघ उठली. या दोन्ही खुणा खऱ्या शिशाच्याच आहेत आणि ती लगडही खऱ्या शिशाचीच होती. फसवणूक होती ती निवडण्यात. ढिगातली कोणती लगड उचलायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पावतीवर मात्र त्याने ‘शिसं’ हा शब्द लिहिलाच नाही, नुसतं ‘भंगार धातू’ लिहिलं. हा शब्द त्याने मुद्दाम वापरला होता हे मला नंतर कळलं.

पहिली लगड पातेल्यात वितळायला लागली आणि आतून एक काळी पट्टी वर आली. चिमट्याने उचलून पाहिली तर लोखंडाची पट्टी, लगडीपेक्षा जेमतेम आखूड. विक्रेत्याला विचारल्यावर तो म्हणाला, ‘भंगार वितळवताना चुकून पडली असेल.’ हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून ते खोटं कसं आहे ते समजून घ्या. शिसं सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंडाला १५०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे शिशाच्या पातेल्यात लोखंड वितळत नाही. ते बुडतही नाही, कारण वितळलेलं शिसं लोखंडापेक्षा बरंच जड असतं. चुकून पडलेली पट्टी वर तरंगत राहते आणि मळ काढणाऱ्याला दिसते. लगडीच्या बरोबर मधोमध, चारी बाजूंनी शिशाने झाकलेली पट्टी हवी असेल, तर शिसं थिजेपर्यंत कोणीतरी ती दाबून किंवा अडकवून धरावी लागते. इथे ती कोणीतरी धरलेलीच होती.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. काही लगडी शिशाच्या दिसत होत्या, पण त्यांत जस्त आणि अँटिमनी नावाचा ठिसूळ धातू मिसळलेला होता. अँटिमनीमुळे शिसं कडक होतं. गाडीच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात त्या जुन्या वजनांत ते असतंच. ज्याला कडक वजन हवं त्याला ते चालेलही. पण फट ठेवून ओतलेली गोळी दोऱ्यावर दाबून बसवायची असते, जाळ्याच्या दोरीवरचं वजन चिमट्याने आवळायचं असतं. तिथे मऊ शिसंच लागतं. कडक गोळी दाबली की तडकते, नाहीतर तिची धार दोऱ्याला कापते. (दाताने दाबायची सवय असेल तर ती आजच सोडा, शिसं तोंडात जाता कामा नये.)

जस्ताने तर ओतकामच बिघडतं. पातेल्यातल्या धातूवर पेजेसारखा दाट थर जमतो, पळीने काढला तरी पुन्हा येतो. साचा नीट भरत नाही, गोळीला सुरकुत्या पडतात, कडा अर्धवट राहतात. आधी मला वाटलं साचा थंड आहे, म्हणून आच वाढवली. पण जस्त असेल तर आच वाढवून उलटंच होतं, कारण धातू जितका तापेल तितकं जस्त शिशात जास्त विरघळतं. जस्त वितळतं ४२० अंशांच्या आसपास. म्हणून मिश्र भंगार वितळवताना पातेलं ३८० च्या वर जाऊ द्यायचं नाही. जस्ताचे सुटे तुकडे असतील तर ते न वितळता वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. पण कोणीतरी आधीच सगळं एकत्र वितळवून लगडी पाडल्या असतील तर ही संधी निघून गेलेली असते. भंगारात जस्त येतं कुठून, तर पुष्कळदा त्याच चाकांच्या वजनांतून. युरोपीय संघात २००५ पासून गाड्यांच्या चाकांना शिशाची वजनं लावायला बंदी आहे. ती जागा जस्ताने आणि पोलादाने घेतली. आता अशा वजनांच्या ढिगात तिन्ही धातू मिसळलेले सापडतात.

आता तपासणी. एका लगडीवर नखाने ओरखडा काढून बाकीच्या लगडींबद्दल काहीच कळत नाही, आणि त्याच लगडीच्या पोटाबद्दलही नाही. सगळ्यात भरवशाचं म्हणजे पाण्यात तोलणं. आर्किमिडीजचंच तत्त्व. लटकवायचा डिजिटल काटा, मजबूत दोरा आणि पाण्याची बादली एवढंच लागतं. लगड आधी हवेत तोलायची. मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायची, तळाला आणि बाजूंना लागू द्यायची नाही, अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून काढायचे आणि पुन्हा तोलायची. किती वजन घटलं ते बघायचं. शिशाची घनता ११.३४, म्हणजे ते पाण्याच्या ११.३४ पट जड, म्हणून एक किलो शुद्ध शिसं पाण्यात साधारण ८८ ग्रॅम घटतं. पाच टक्के अँटिमनी असेल तर ९१ ग्रॅम, दहा टक्के जस्त असेल तर ९३. लगडीत तीस टक्के लोखंड असेल तर १०० ग्रॅमच्या जवळ. मूळ वजनाला घटलेल्या वजनाने भागा. उत्तर ११.३ च्या आसपास आलं तर ठीक, १० आलं तर पोटात काहीतरी आहे हे नक्की. मी उरलेल्या लगडी अशा तोलल्या तेव्हा पट्टीवाल्या लगडी न फोडताच वेगळ्या काढता आल्या.

पण या पद्धतीला मर्यादा आहे. एक-दोन टक्के अँटिमनी साध्या काट्यावर कळत नाही, काट्याची चूक त्यापेक्षा मोठी असू शकते. तिथे कडकपणा तपासावा लागतो, आणि त्यासाठी मला सर्वांत आवडलेली रीत बेअरिंगच्या गोळीची. शुद्ध असल्याची खात्री असलेला शिशाचा छोटा तुकडा घ्या. तो आणि तपासायचा तुकडा यांच्या मधे पोलादी गोळी ठेवा आणि तिघांना शिकंज्यात हळूहळू आवळा. दाब दोन्हीकडे सारखाच पडतो, त्यामुळे गोळीचे दोन खळगे थेट एकमेकांशी ताडून पाहता येतात. खळगे सारखे रुंद असतील तर दोन्ही तुकडे सारखे मऊ. तपासायच्या तुकड्यावरचा खळगा लहान असेल तर तो कडक आहे, मग विकणारा काहीही म्हणो. गोळी दोन्ही तुकड्यांच्या नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागावर दाबा, जुन्या करड्या सालीवर नाही. माझ्या लगडींवर फरक इतका ठळक होता की मोजायची पट्टी काढावीच लागली नाही.

शिकंजा नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिली चालतात. अगदी मऊ, ६बी जवळच्या पेन्सिलीनेही शुद्ध शिशावर चरा पडतो. कडक मिश्रणावर ती घसरते, तिथे एचबीच्या आसपासची पेन्सिल लागते. पातळ लगड वाकवूनही अंदाज येतो. शिसं मुकाट वाकतं, आपटलं तर बद्द आवाज येतो. जस्ताचा तुकडा खणकतो. जस्ताचा संशय असेल तर ताज्या घासलेल्या जागी हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, डोळ्यांना चश्मा लावून आणि हातमोजे घालून. जस्त असेल तर फेस येतो, शिसं जवळपास शांत राहतं. जस्त थोडं असेल तर फेस आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शिवाय, घरी थर्मामीटर असेल तर गार होणारा धातू कुठे थबकतो ते पहा. शुद्ध शिसं ३२७ अंशांवर थबकतं आणि एकदम थिजतं. अँटिमनी असेल तर थिजायला त्याखाली सुरुवात होते आणि बराच वेळ ते अर्धवट घट्ट राहतं.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. पाण्यात तोललेली लगड ओली असते आणि तिच्या भेगांत पाणी अडकू शकतं. ती तशीच वितळलेल्या शिशात गेली तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेलं शिसं अंगावर उडतं. तोललेल्या लगडी पूर्ण वाळवा आणि पातेल्याच्या कडेला आधी तापवूनच आत सोडा. ओतकाम उघड्यावर करा, पूर्ण पाय झाकणारे बूट घाला, मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि स्वयंपाकाचं भांडं यासाठी कधीच वापरू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शरीरातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचं माहीत नाही.

बॅटरीचं शिसं स्वस्तात देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्यात अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असू शकतं. वितळवून निघालेल्या मळीला पाणी किंवा दमट हवा लागली तर त्यातून स्टिबीन आणि आर्सीन हे विषारी वायू निघू शकतात. घरच्या अंगणात ते काम कोणी करू नये.

शेवटी त्या विक्रेत्याकडे गेलो. एक लगड त्याच्यासमोर, दुकानात इतर गिऱ्हाइकं उभी असताना छिन्नीने मधोमध तोडली. पट्टी दिसल्यावर तो ‘माल मागूनच असा आला’ म्हणू लागला आणि पट्टीवाल्या लगडींचे पैसे परत दिले. जस्त मिसळलेल्या मात्र घेतल्या नाहीत. ‘पावतीवर शिसं कुठे लिहिलंय?’ असं त्याने विचारलं. आता मी पावतीवर ‘मऊ शुद्ध शिसं’ आणि वजन लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही, आणि ढिगातली लगड मी माझ्या हाताने निवडून तोडतो. हे लिहून द्यायला किंवा लगड तोडू द्यायला जो नकार देतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

जस्त लागलेला धातू वेगळ्या डब्यात आहे. डब्यावर रंगाने ‘जस्त मिसळलेलं’ लिहिलंय आणि भंगारात देताना तसं सांगूनच देणार आहे, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या पातेल्यात शुद्ध शिसं म्हणून जाणार नाही.