मुमॅक्स३ : प्रवाहाने सरकणारी चुंबकीय भिंत दाखवणारी मोफत संगणकप्रणाली

चुंबकीय पदार्थात डोमेन, म्हणजे चुंबकन एकाच दिशेला असलेले भाग, असतात; अशा दोन डोमेनच्या मधल्या ज्या अरुंद पट्ट्यात चुंबकनाची दिशा वळते, ती डोमेन वॉल. आणि नॅनोमीटर मापाच्या तारेत बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसतानाही ही भिंत निव्वळ विद्युतप्रवाहाने सरकते, कारण ती ओलांडताना इलेक्ट्रॉन आपल्या स्पिनचा (अंगभूत चुंबकीय गुणधर्माचा) कोनीय संवेग तिला देऊन जातात. अंबाजोगाईत एम.एस्सी.च्या वर्गाला हे प्रयोगाने दाखवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात विकसित झालेल्या, चुंबकनाची हालचाल संगणकावर गणिताने काढून दाखवणाऱ्या मुमॅक्स३ने ती अडचण बरीच दूर केली.

मुमॅक्स३मध्ये पर्मॅलॉय या लोह-निकेल मिश्रधातूची 100 नॅनोमीटर रुंद आणि 10 नॅनोमीटर जाड पट्टी घेऊन प्रति चौरस मीटर 1 लाख कोटी अँपिअर एवढी प्रवाहघनता दिली, तर प्रत्यक्ष प्रवाह जेमतेम 1 मिलिअँपिअर भरतो. इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे भिंतीवर पडणाऱ्या रेट्याला स्पिन टॉर्क म्हणतात; त्याचा एक भाग किती मोठा हे ठरवणारा नॉन-अॅडियाबॅटिक गुणांक शून्य ठेवल्यास भिंत थोडी सरकते, तिचा आकार बिघडतो आणि ती थांबते. तोच गुणांक अवमंदनाच्या (चुंबकनाची हालचाल हळूहळू शमण्याच्या) गुणांकाइतका केला की ती आकार न बदलता सेकंदाला सुमारे 40 मीटर वेगाने चालत राहते. एका आकड्याने घडणारा हा फरक ब्राउझरच्या खिडकीत डोळ्यांदेखत दिसतो, आणि माझ्या मते याच एका गोष्टीसाठी ही प्रणाली प्रत्येक भौतिकशास्त्र विभागात असायला हवी.

मात्र तो 40चा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. जपानी संशोधकांनी 2004 साली 240 नॅनोमीटर रुंद पर्मॅलॉय तारेत याहून थोड्या अधिक प्रवाहघनतेला मोजलेला वेग सेकंदाला सुमारे 3 मीटरच होता. खऱ्या तारेतील दोषांपाशी भिंत अडकते, शिवाय एवढ्या प्रवाहाने तार चांगलीच तापते. मुमॅक्स३ ही उष्णता स्वतःहून मोजत नाही. प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्रही आपणच वेगळे काढून द्यावे लागते.

एनव्हीडियाचे ग्राफिक्स कार्ड अनिवार्य आहे, हा खर्चाचा भाग. प्रणाली एकदा संगणकावर उतरवून घेतल्यावर इंटरनेट लागत नाही. चुंबकनाची स्थिती ठरावीक अंतराने आपोआप साठवण्याची सूचना सुरुवातीलाच लिहून ठेवावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी शेवटच्या फाइलपासून गणित पुढे नेता येते.