पोळ्याचा तयार साज: झूल घ्या, रंगाची डबी अन् वेसण परत करा

पोळा जवळ आला की विदर्भातल्या आठवडी बाजारात, दोर-दाव्यांच्या दुकानांपुढे बैलजोडीचा तयार साज एकाच पिशवीत मिळायला लागतो. आत साधारण दोन छापील झुली, दोन मठाट्या (बैलाच्या कपाळावर बांधायचा साज), बेगड, प्लास्टिकचे गोंडे, घुंगरमाळा, रंगीत नायलॉनच्या वेसणी आणि शिंगांसाठी ऑइलपेंटची डबी असते. धावपळीच्या दिवसांत ही सोय मोठी आहे. पण पिशवीतला निम्मा माल बैलाला त्रासाचा आहे. शिवाय पोळ्याच्या रिवाजात बैलाच्या खऱ्या उपयोगाचं जे आहे, त्यातलं हिच्यात काहीच नाही.

झूल ठीक आहे. सुती असेल तर उत्तम. पॉलिस्टरची असली तर तोरणातून, म्हणजे गावचे बैल तोरणाखाली जमतात तिथून, परतल्यावर लगेच काढावी, कारण त्या दिवसांत उमस फार असते. घुंगरमाळ हातात घेऊन उलटी करून बघा. चामड्याच्या किंवा सुती पट्ट्यावर ओवलेली असेल तरच घ्या. बारीक तारेत ओवलेली माळ ओढाताणीत तुटते अन् तार कुटारात (भुशात) जाते. बैल चारा नीट न चावताच गिळतो. तार पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते आणि तिथून पुढे थेट हृदयाच्या आवरणाला टोचू शकते. बेगडाला लावलेल्या टाचण्यांचंही तेच.

रंगाची डबी सर्वांत वाईट. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2017 पासून लागू आहे, पण या बिनलेबलच्या डबीत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बैल एकमेकांना चाटतात, शिंगं गव्हाणीला घासतात, रंग पोटात जातो. त्यात रंग बसावा म्हणून शिंगं काचेनं किंवा सुरीनं साळायची (तासायची) पद्धत आहे. आपल्याकडे शिंगाचा कर्करोग जास्त करून खच्ची केलेल्या, 5 ते 10 वर्षांच्या बैलांत दिसतो. शिंगं साळणं, रंगवणं आणि जुवाचा सततचा मार ही त्याला पोषक कारणं मानली जातात. बैल एकसारखं डोकं झटकत असेल, मान एका बाजूला कलती धरत असेल, शिंग बुडाशी हलत असेल किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. रंग हवाच असेल तर गेरू जवसाच्या तेलात दाट कालवून फडक्यानं लावा. चकाकी कमी येते, पण शिंगाला इजा नाही.

नायलॉनची वेसण दिसायला छान, पण नाकाचा पडदा करवतीसारखी कापते. पोळा येतो ऐन माश्यांच्या दिवसांत, त्यामुळे जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. सुती वेसण घ्या, कडुनिंबाच्या पाल्याच्या उकळत्या पाण्यातून काढा, वाळवा, तेलात भिजवा. जुनी वेसण कापून तिच्या टोकाला नवी दोऱ्यानं शिवून हळूच ओढायची; मध्ये गाठ ठेवायची नाही. नाकात आधीच जखम असेल तर वेसण बदलण्याचा रिवाज यंदा मोडलेला बरा.

पिशवीत नसलेली गोष्ट म्हणजे खांदशेकणी, आणि पोळ्यातली सर्वांत शहाणी रीत तीच. आदल्या सांजेला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणत पळसाच्या पानानं खांद्याला तूप-हळद लावतात. अलीकडे बऱ्याच घरी नुसतं बोट लावून मोकळे होतात. नीट करायची तर आधी खांदा कोमट पाण्यानं धुवा, घाम-मातीचा थर जाऊ द्या. मग गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं 10 ते 15 मिनिटं शेका. पाणी आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम. त्यानंतर चमचाभर हळद तुपात कालवून हलक्या हातानं चोळा. सूज त्याच दिवशीची असेल तर शेकू नका, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. गाठ मऊ लागली, पू वाटला, तर ती फोडायची नाही, डॉक्टरला दाखवायची. वर्षातून एकदा नव्हे, डवरणी-वखरणीच्या (शेतात औत चालवायच्या) दिवसांत दर आठवड्याला हे व्हायला पाहिजे. पोळ्याला जू मानेवर येत नाही, तीच सुट्टी खांदा दुखावलेल्या बैलाला पुढेही द्या.

नैवेद्याचं मात्र प्रेमच अंगाशी येतं. तोरण सुटल्यावर बैल घरोघरी फिरतो, प्रत्येक दारी पुरणपोळी, भात, ज्वारी. एवढा पिठूळ-गोड ऐवज एकदम पोटात गेला की आम्ल वाढतं. रवंथ थांबतो, शेण आंबूस वासाचं पातळ होतं, बैल दात खातो आणि बसून राहतो. हे बहुधा दुसऱ्या दिवशी दिसतं, म्हणून लोक त्याला दृष्ट समजून मिरच्या-मीठ ओवाळत बसतात आणि हातची वेळ जाते. एका बैलाला दिवसभरात एक-दोन पोळ्या पुरेत. बाकी दारी हळद-कुंकू अन् मूठभर हिरवा चारा. त्रास दिसला तर दाणा, ढेप (पेंड) बंद करा. पशुवैद्यकाचा फिरता दवाखाना 1962 या नंबरवर बोलावता येतो. बैलाला नळीनं काही पाजायची घाई करू नका, औषध फुप्फुसात गेलं तर बैल हातचा जातो.